स्वस्त माइक उघडणाऱ्यांचा इतिहास

बर्लिनच्या नॉयमन कंपनीने 1960 मध्ये यू 67 हा मायक्रोफोन आणला, तेव्हा त्यातली के 67 ही कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग) वरच्या स्वरांना मुद्दाम जास्त उठाव देणारी ठेवली होती. दहा किलोहर्ट्झच्या आसपास कॅप्सूल आवाज चढवते आणि माइकमधले ट्यूबचे सर्किट तो चढ पुन्हा उतरवते. हा द्राविडी प्राणायाम विनाकारण नव्हता. ट्यूबची स्वतःची खरखर वरच्या स्वरांत जास्त जाणवते. गाणाऱ्याचा आवाज आधी चढवून मग सगळेच एकत्र उतरवले, की आवाज मूळ जागी येतो आणि खरखर दबते. कॅप्सूल आणि सर्किट हे एकाच हिशेबाचे दोन भाग होते. पुढे स्वस्त कंडेन्सर माइकांची लाट आली आणि त्यांपैकी बहुतेकांत हा हिशेब अर्धाच उचलला गेला. या माइकांचा कर्कशपणा आणि तो घालवण्यासाठी माइक उघडून त्यात फेरफार करण्याची जगभर रुजलेली प्रथा, या दोन्हींचे मूळ मला तिथे दिसते. माइकचा आवाज त्याच्या भागांच्या आपसातल्या मेळावर ठरतो, एखाद्या सुट्या भागाच्या किमतीवर नव्हे, हेच या प्रथेचा इतिहास सांगतो.

कंडेन्सर माइक मुळात महागाचे काम. अमेरिकेत ई. सी. वेंटे यांनी 1917 मध्ये त्याचे तत्त्व मांडले आणि गेऑर्ग नॉयमन यांनी 1928 पासून बर्लिनमध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. सोन्याचा मुलामा दिलेला काही मायक्रॉन जाडीचा पडदा धातूच्या चकतीपासून केसभर अंतरावर ताणून बसवायचा, हे अनेक दशके कुशल हातांचे आणि म्हणून मोजक्या कारखान्यांचे काम राहिले. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने बीजिंगमध्ये 718 हा संयुक्त कारखाना उभा राहिला. त्यातूनच वेगळा झालेला 797 क्रमांकाचा कारखाना ध्वनी उपकरणांकडे वळला. शांघायमध्येही असे कारखाने निघाले, आणि रशियातल्या तुला शहरात ओक्तावा कंपनी 1927 पासून होतीच. शीतयुद्ध संपले, बाजार खुले झाले आणि 1990 नंतर या कारखान्यांचा माल पाश्चात्त्य दुकानांत येऊ लागला. नेमक्या त्याच काळात, 1992 मध्ये, एडॅट हा डिजिटल रेकॉर्डर विक्रीला आला आणि घराघरांत स्टुडिओ थाटता येऊ लागले. चुंबकीय टेप वरचे स्वर थोडे बोथट करत असे. डिजिटल रेकॉर्डर ती सवलत देत नाही, माइक जे देईल ते जसेच्या तसे टिपतो. त्यामुळे स्वस्त माइकांचा दोष उघडा पडला तो या नव्या यंत्रांवर.

त्या काळातला एखादा स्वस्त माइक उघडला, की हा दोष डोळ्यांना दिसतो. वर दुपदरी-तिपदरी जाळी, तिच्यात के 67 च्या धर्तीची सोनेरी कॅप्सूल आणि खाली हिरवे सर्किट बोर्ड. हे सर्किट बहुधा कार्ल्सरूहच्या शोएप्स कंपनीच्या नमुन्यावर बेतलेले असते. शोएप्सचे सर्किट अत्यंत नेटके आहे, पण ते त्यांच्या स्वतःच्या लहान, सरळ प्रतिसादाच्या कॅप्सूलसाठी रचलेले. त्यात वरचे स्वर उतरवण्याची सोय नाही, कारण तिथे तिची गरजच नव्हती. औषध एका वैद्याचे आणि पथ्य दुसऱ्याचे, असा हा प्रकार झाला. गायकाचा ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो, झांजा काचेसारख्या वाजतात. मराठीत तर स-श च्या जोडीला ‘चमचा’तला दंत्य च आणि ‘जहाज’मधला दंत्य ज यांचेही घर्षण वरच्याच स्वरांत असते. म्हणून मराठी पुस्तकांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला असा माइक जास्तच छळतो.

या दोषावर फेरफार करणाऱ्यांनी जे उपाय काढले, त्यांचे वजन सारखे नाही. सर्वात मोठा फरक पडतो तो कॅप्सूल बदलल्याने. नॉयमनच्याच के 47 च्या धर्तीची कॅप्सूल बसवली, तर तिचा वरचा चढ सौम्य असल्यामुळे उतार न देणारे सर्किटही तिला चालते. दुसरा उपाय त्याहून स्वस्त. कॅप्सूल तीच ठेवायची आणि सर्किटमधल्या एफईटी ट्रान्झिस्टरभोवती एक रेझिस्टर व एक छोटा कपॅसिटर डाग देऊन जोडायचा, म्हणजे गाळला गेलेला उतार परत येतो. खर्च किरकोळ, परिणाम पहिल्याच शब्दाला ऐकू येणारा. तिसरा उपाय जाळीचा. आतला पदर काढला, की पडद्यावर परत येऊन आदळणारी परावर्तने कमी होतात आणि आवाज मोकळा होतो. मात्र ‘प’, ‘फ’ म्हणताना बसणारा वाऱ्याचा झटका आणि विजेची गुणगुण थोडी जास्त आत येऊ शकते. रिबन माइकांसाठी नावाजलेले डेव्हिड रॉयर यांनी तर अशा स्वस्त माइकमध्ये 5840 ही चिमुकली ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर बसवण्याची रचना सर्वांसाठी खुली केली. ती फार लोकप्रिय झाली, पण मूळ कॅप्सूल तशीच ठेवली तर तिचा चढ नुसत्या ट्यूबने जात नाही.

प्रथेत सर्वाधिक बोलबाला झाला तो कपॅसिटर बदलण्याचा. सिरॅमिक काढा, पॉलिस्टायरीन घाला, आवाज उजळेल, असे सांगणारे अनेक आहेत आणि त्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. काही सिरॅमिक कपॅसिटरांची धारिता व्होल्टेजनुसार बदलते आणि त्यातून आवाज विकृत होतो. पण सर्किटच्या दोन टप्प्यांना जोडणारा कपॅसिटर पुरेसा मोठा असेल, तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात त्याच्या दोन टोकांवर सिग्नलचे व्होल्टेज नगण्य असते. जिथे व्होल्टेजच नाही तिथे विकृती कुठून येणार? रेझिस्टरचेही तसेच. 60 पिकोफॅरडची कॅप्सूल आणि एक गिगाओमचा रेझिस्टर यांची खालची मर्यादा सुमारे 2.7 हर्ट्झवर येते, आणि माणसाचे कान 20 च्या खाली थांबतात. त्याहून मोठा रेझिस्टर लावला तर खर्ज वाढत नाही, खरखर कमी होते. हा खराखुरा फायदा आहे, पण कर्कशपणाशी त्याचा संबंध नाही.

यावर पहिला आक्षेप रोकडा आहे: वरचे स्वर जास्त असतील तर मुद्रणानंतर इक्वलायझरने उतरवा, माइक कशाला उघडायचा? समोरून येणाऱ्या आवाजापुरता हा सल्ला योग्य आहे आणि कित्येकांना तो पुरेल. पण माइक बाजूचा आणि खोलीचा आवाजही घेतो आणि त्या दिशांनी त्याचा प्रतिसाद वेगळा असतो. जाळीत घुमणारा आवाज आणि सर्किटची विकृती इक्वलायझरला वेगळी काढता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की नॉयमनच्याच टीएलएम 103 मध्ये पाच किलोहर्ट्झच्या वर चार डेसिबलचा उठाव आहे, मग झळाळी हा दोष कसा? तो दोष नाहीच. तो चढ रचनाकाराने विचारपूर्वक ठेवलेला आहे. स्वस्त माइकमधला चढ जोडणी चुकल्याने उरलेला आहे.

तिसरा आक्षेप सर्वात जड आहे. स्वतः डाग दिलेला माइक कानाला गोड लागणारच. कॅप्सूलजवळच्या वाटेवर 10 पिकोफॅरडची भटकी धारिता असेल, तर 60 पिकोफॅरडच्या कॅप्सूलचा आवाज सुमारे 1.3 डेसिबलने घटतो. ती कमी केली की माइक तेवढा मोठा बोलतो, आणि मोठा आवाज चांगला वाटणे हा कानाचा जुना पक्षपात आहे. म्हणून आधीचा आणि नंतरचा माइक एकाच पातळीवर आणून, कोणता कुठला हे न कळता ऐकल्याशिवाय कोणत्याही दाव्याला किंमत देऊ नये. ही अट घातली तरी कॅप्सूल, उतार आणि जाळी यांचे फरक टिकतात, कारण ते आलेखावर मोजता येतात. महागड्या कपॅसिटरांच्या बहुतेक दाव्यांना तसा आधार दाखवता येत नाही.

म्हणून या प्रथेचे मोल तिने वाचवलेल्या पैशांपेक्षा मोठे आहे. माइक ही बंद, पूज्य वस्तू होती. स्वस्त माइकांमुळे तो मोडण्याची भीती गेली आणि कॅप्सूल सर्किटकडून काय मागते, हा मोजक्या कारखान्यांतला प्रश्न हजारो हौशी लोक विचारू लागले. ज्यांनी आधी हा प्रश्न विचारला आणि मग सोल्डरिंग आयर्न तापवले, त्यांचे माइक सुधारले. ज्यांनी फक्त नामांकित भाग आणून बसवले, त्यांच्याकडे महागड्या भागांचा तोच कर्कश माइक राहिला.