तारणाचा आधार : नीळकंठशास्त्री गोरे व पंडिता रमाबाई

एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रीयांच्या धर्मांतराचीं साधनें चाळतांना एक उणीव वारंवार जाणवते. कोण ख्रिस्ती झाला, कोणत्या सालीं झाला व त्यामुळें जातींत काय खळबळ उडाली याची नोंद विपुल मिळते. परंतु ख्रिस्ती झाल्यावर त्या व्यक्तीनें आपल्या तारणाची भिस्त नेमकी कशावर ठेविली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. धर्मांतर ही एका दिवसांत उरकणारी गोष्ट आहे, अशी समजूत या उपेक्षेच्या मुळाशीं असावी. प्रस्तुत लेखांत नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे व पंडिता रमाबाई या दोन शास्त्राभ्यासी व्यक्तींच्या लेखनावरून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. दोघांच्या बाप्तिस्म्यांत पस्तीस वर्षांचें अंतर होतें. गोऱ्यांच्या विचारांचा रमाबाईंवर परिणाम झाला होता. आणि तरीही दोघें अखेर परस्परविरुद्ध दिशांनीं गेलीं. हा विरोध नीट समजून घेतल्यावांचून १८९३ सालच्या शारदासदन प्रकरणाचाही पुरता उलगडा होत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम मूळ वादाची थोडी पार्श्वभूमि दिली पाहिजे. इ. स. १५१७ मध्यें जर्मनींत मार्टिन लूथर यानें क्षमापत्रांच्या विक्रीवर आक्षेप घेतला आणि त्यांतून पुढें, मनुष्य ईश्वरापुढें नीतिमान् ठरतो तो केवळ विश्वासानें, स्वतःच्या सत्कर्मांच्या पुण्याईनें नव्हे, हें मत प्रस्थापित झालें. यावर रोमच्या मंडळीनें ट्रेंट येथील धर्मसभेंत १५४७ च्या जानेवारींत आपला निर्णय दिला. आरंभ ईश्वराच्या कृपेनेंच होतो व विश्वास हा तारणाचा पाया आहे हें त्या सभेनें मान्य केलें. परंतु त्या कृपेस मनुष्याची साथ लागते, आणि संस्कार व सत्कृत्यें यांवांचून नुसता विश्वास पुरेसा नाहीं, असें ठरविलें. रायतूर येथें १६१६ सालीं छापलेलें फादर स्टीफन्स याचें क्रिस्तपुराण याच दुसऱ्या परंपरेंतलें आहे. म्हणजे मराठी वाणीस हा विषय अगदींच नवा नव्हता.

इंग्लंडच्या मंडळीची स्थिति मात्र चमत्कारिक होती. १५७१ सालीं कायम झालेल्या तिच्या एकोणचाळीस कलमांपैकीं अकरावें कलम केवळ विश्वासानें नीतिमान् ठरण्याचा सिद्धांत सांगतें. तर १६६२ च्या तिच्याच प्रार्थनासंग्रहांत, बाप्तिस्मा झालेलें मूल नवा जन्म पावलें, असें उपाध्यायानें म्हणावयाचें असतें. या दोहोंचा मेळ कसा घालावा हा वाद तेथें कधींच मिटला नाहीं. १८५० सालीं गोरम नांवाच्या उपाध्यायाचें प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें व बाप्तिस्म्यानेंच नवा जन्म होतो हें न मानणाऱ्यासही मंडळींत जागा आहे असा निकाल झाला. दुसऱ्या बाजूस १८३३ पासून ऑक्सफर्ड येथें सुरू झालेल्या चळवळीनें प्राचीन परंपरा, संस्कार व बिशपांची अखंड मालिका यांवर भर दिला. १८४८ सालीं स्थापन झालेला वाँटेज येथील भगिनीसंघ व १८६६ सालचा काउली येथील व्रतस्थ बंधुसंघ हीं याच चळवळीचीं फळें होत. हे दोन्ही संघ पुढें पुण्यास आले, आणि पंचहौद मिशन या नांवानें पुणेकरांस परिचित झालेलें ठाणें त्यांचेंच. आमच्या दोन्ही चरित्रनायकांचा मार्ग येथून गेला.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ सालीं झांशीनजीक एका कोंकणस्थ घराण्यांत झाला. विद्याभ्यास काशींत झाला व न्यायशास्त्रांत त्यांची गति विशेष होती. ख्रिस्ती मताशीं त्यांचा पहिला संबंध विरोधकाचा होता. जॉन म्यूर यानें संस्कृतांत ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ लिहून हिंदु शास्त्रांवर आक्षेप घेतले, तेव्हां त्यास उत्तर म्हणून १८४४-४५ च्या सुमारास गोऱ्यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचिला. हा ग्रंथ शंभरांवर वर्षें हस्तलिखितांतच राहिला. उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेतर्फे सदाशिव लक्ष्मण कात्रे यांनीं तो १९५१ सालीं छापून काढला, म्हणूनच आज आपणांस त्याचा उपयोग करितां येतो. पोथी संग्रहीं जपून राहिली नसती, तर गोऱ्यांच्या मनाची पूर्वावस्था केवळ मिशनरी चरित्रकारांच्या शब्दांवरूनच समजून घ्यावी लागली असती.

त्या ग्रंथांतील एक धागा आमच्या विषयास फार महत्त्वाचा आहे. अतींद्रिय गोष्टींचा निवाडा केवळ तर्कानें होऊं शकत नाहीं. श्रद्धा आधीं, तर्क तिच्यामागें, आणि शास्त्राचें प्रामाण्य मान्य केल्यावरच बुद्धीचें काम सुरू होतें, असा तेथें त्यांचा पक्ष आहे. १८४८ च्या मार्चमध्यें जौनपूर येथें बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. १८६० सालीं त्यांनीं हिंदींत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून ज्या दर्शनांचा पूर्वीं पुरस्कार केला त्यांचेंच खंडन केलें. तथापि त्यांचें चित्त निश्चिंत झालें नाहीं. शंका त्यांस पुनःपुन्हा ग्रासीत. ज्या मिशनऱ्यांच्या हातून ते ख्रिस्ती झाले, ते व्यक्तीच्या विश्वासावर सारी भिस्त ठेवणारे होते. पण ज्या मनुष्याचा विश्वासच वारंवार डळमळतो त्यानें आपल्या विश्वासावर तरी विसंबावें कसें? गोरे हळूहळू उच्च मंडळीच्या पक्षाकडे वळले. १८७० सालीं ते उपाध्याय झाले, १८७६ मध्यें काउलीच्या संघांत उमेदवार म्हणून दाखल झाले व अखेरचें व्रत न घेतांही १८९५ मध्यें मृत्यु येईपर्यंत विरक्तासारखे राहिले. आपल्या मनाची अवस्था कशीही असो, मंडळी व तिचे संस्कार अढळ आहेत, आणि ख्रिस्ताची कृपा त्यांच्या द्वारें मिळते, हा त्यांचा विसांवा होता. श्रद्धा व परंपरा यांस तर्काच्या आधीं स्थान देणारा काशीचा पंडित येथें बदललेला दिसत नाहीं. प्रामाण्य मानलेलें शास्त्र तेवढें बदललें आहे.

रमाबाईंचा अनुभव नेमका याच्या उलट होता. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविलें, पण वेद शिकविले नाहींत. सारें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडलें. दानधर्म, उपासतापास व देवदर्शन यांनीं जोडलेल्या पुण्यावर त्यांची सर्व भिस्त होती. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळांत आईबाप उपासमारीनें गेले. १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनांत रमाबाईंनीं हा प्रवास विस्तारानें सांगितला आहे. पुढें कलकत्त्यास धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचतां त्यांस असें आढळलें कीं, इतर बाबतींत परस्परांशीं न जुळणारे ग्रंथ स्त्रियांस व शूद्रांस वेदाचा व मोक्षाचा अधिकार पुरुषांप्रमाणें नाहीं, एवढ्यावर मात्र एकमत आहेत. वेदाची प्रत त्यांच्या हातीं प्रथम दिली ती केशवचंद्र सेन यांनीं. म्हणजे गोऱ्यांस जी परंपरा आधार वाटली, ती रमाबाईंस आरंभापासून दाराशीं उभ्या असलेल्या रखवालदारासारखी भासली होती.

१८८२ मध्यें त्या पुण्यास आल्या व तेथें गोऱ्यांशीं त्यांचा संबंध आला. ब्राह्म मतावरून ख्रिस्ती मताकडे आपणांस वळविण्याचें सामर्थ्य गोऱ्यांच्याच ठिकाणीं होतें, असें त्यांनीं कृतज्ञतेनें नमूद केलें आहे. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथवर गुरुशिष्यांचा मार्ग एक दिसतो. परंतु १८८५ मधील पत्रव्यवहार वाचूं लागतांच दोघांमधील दरी स्पष्ट होते.

हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीं जमविला, अ. भि. शहा यांनीं संपादिला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं प्रसिद्ध केला. साधन म्हणून त्याची पारख करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये : संग्राहिका ही स्वतः वादांतील एक पक्ष आहे. रमाबाई त्यांची धर्मकन्या होती, आणि धर्मकन्येच्या स्वतंत्र वृत्तीबद्दलचा खेद त्यांच्या टिपणांत उमटतो. असें असूनही त्यांनीं रमाबाईंचीं कठोर पत्रें गाळलीं नाहींत, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें द्योतक मानावें लागेल.

त्या पत्रांतील मुख्य प्रश्न एकच आहे. तारणासाठीं काय मानलें पाहिजे आणि तें ठरविणार कोण? अथनासियसच्या नांवावर चालणारें मतांगीकारपत्र, त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचा अलौकिक जन्म, या सर्वांविषयीं रमाबाई आधार विचारतात. उपाध्यायवर्ग सांगतो तेवढ्यावरून एखादी गोष्ट ईश्वराज्ञा मानण्यास त्या तयार नाहींत. स्वदेशीं पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविल्यावर तसलेंच दुसरें जूं घेण्याची आपली इच्छा नाहीं, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें प्रसिद्धच आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरांऐवजीं संस्कृत अक्षरें असावींत हा त्यांचा आग्रह वरवर क्षुल्लक वाटतो, पण तोही याच भूमिकेशीं सुसंगत आहे. जेराल्डिन यांस यांत अहंकार दिसला. आम्हांस यांत प्रमाणाचा शोध दिसतो. परंपरेच्या रखवालदारांस वगळून मूळ ग्रंथ स्वतः वाचण्याचा हक्क, हाच त्यांचा मुद्दा होता.

मात्र १८८५ पर्यंत रमाबाईंनीं काय नाकारलें तेंच अधिक ठळक दिसतें. भिस्त कशावर, याचें उत्तर १८९१ च्या सुमारास मिळालें. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हॅस्लम हा कॉर्नवॉलमधील उच्च मंडळीच्या पक्षाचा उपाध्याय. इतरांस संस्कार देत असतां आपलें स्वतःचें परिवर्तन झालेलेंच नाहीं, अशी जाणीव त्यास झाली, आणि १८५१ मध्यें व्यासपीठावर आपलेंच प्रवचन करतांना त्याचा कायापालट झाला. रमाबाईंस आपली स्थिति तशीच वाटली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांनीं जाणलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण त्या धर्माचें जीवन जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. तारण हें संस्काराचें फळ नव्हे, मताच्या अचूक उच्चाराचें नव्हे आणि स्वतःच्या सत्कृत्यांचेंही नव्हे. ख्रिस्तानें केलेल्या प्रायश्चित्तावर विसंबलेल्या पापी मनुष्यास तें तत्काळ व फुकट मिळतें, हें त्यांचें उत्तर. ज्यांच्या बालपणीं पुण्याचा हिशेब उपासांत व दानांत मांडला जात असे, त्यांस या ‘फुकट’ शब्दाचें वजन किती वाटलें असेल हें सांगावयास नको.

आतां शारदासदनाकडे वळूं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत उघडलेली ही संस्था १८९० मध्यें पुण्यास आली. तेथें धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, या अटीवर बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचें साहाय्य व रानडे-भांडारकरांसारख्यांचा पाठिंबा मिळालेला होता. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात या तक्रारी वाढत गेल्या आणि १८९३ च्या ऑगस्टमध्यें सल्लागार मंडळानें राजीनामा दिला. या घटनेचें कारण कोणी रमाबाईंच्या कपटांत शोधतात, तर कोणी केसरीच्या टीकेंत. आमचें अनुमान निराळें आहे. जोंवर धर्म म्हणजे संस्कार व मतांगीकार होता, तोंवर तटस्थतेची अट पाळणें कठीण नव्हतें. संस्कार कोणावर लादावयाचा नाहीं एवढें पुरे होतें. परंतु तारण व्यक्तीच्या विश्वासावर आहे असें ठरल्यावर, आपल्या घरांतील प्रार्थनेचें दार लोटून घेणें रमाबाईंस अशक्य झालें. त्यांनीं कोणास बोलावलें नाहीं, पण दार बंदही केलें नाहीं. अट घालणाऱ्या सुधारकांस हा फरक दिसला नाहीं, आणि रमाबाईंस त्या अटीचा पूर्वींचा अर्थ आतां पटेना. विधवांच्या शिक्षणासाठीं एकत्र आलेलीं पुण्यांतील दोन सुधारक मनें यामुळें कायमचीं दुरावलीं. ही हानि लहान नव्हती, आणि ती ज्यांना सोसावी लागली त्या मुलींचें या वादांत कांहींच म्हणणें विचारलें गेलें नव्हतें.

१८९८ मध्यें केडगांव येथें उभ्या राहिलेल्या सदनास रमाबाईंनीं ‘मुक्ति’ हें नांव दिलें. यशयाच्या ग्रंथांत कोटास तारण म्हणण्याविषयीं जें वचन आहे, त्यावर तें आधारलेलें आहे. आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. १९२२ च्या एप्रिलमध्यें त्या निवर्तल्या व संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडला. अडाणी स्त्रीसही मध्यस्थावांचून वाचतां यावा, म्हणून त्यांनीं सोपी भाषा वापरली. १८८५ च्या पत्रांत ज्या हक्कासाठीं त्या भांडल्या, तोच हक्क या भाषांतरानें त्यांनीं इतर स्त्रियांस दिला, असें आम्हांस वाटतें.

तात्पर्य, गोरे व रमाबाई या दोघांसही तारणाचा अंतिम दाता ख्रिस्तच होता, याविषयीं वाद नाहीं. तो मनुष्यापर्यंत पोंचतो कशाच्या द्वारें, यावर त्यांचीं उत्तरें भिन्न झालीं. आणि तीं उत्तरें लूथर व ट्रेंट यांच्याकडून जशींच्या तशीं उचललेलीं नव्हतीं, काशीच्या पाठशाळेंत व तीर्थयात्रेच्या वाटेवर त्यांची मुळें होतीं. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, मिशनांच्या जुन्या दप्तरांतील मराठी व संस्कृत पत्रें, टिपणें व छापील चोपडीं परकी म्हणून बाजूस टाकूं नयेत. शास्त्रतत्त्वविनिर्णयाची पोथी व जेराल्डिन यांचा पत्रसंग्रह हीं दोन्ही साधनें दीर्घकाळ अप्रकाशित राहिलीं, आणि तीं एकमेकांशेजारीं ठेवून वाचल्यावरच वरील संगति लागली. अशा आणखी कागदांची नोंद होऊन त्यांच्या नकला संशोधन-मंडळांच्या दप्तरीं दाखल झाल्या, तर या विषयाचीं अनेक अंगें स्पष्ट होतील.