वंगण, जळके ऑइल आणि अमृतराव घाट

वाराणसीचा अमृतराव घाट, जो आज राजा घाट या नावाने अधिक ओळखला जातो, तो रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्या उत्तरायुष्याची दगडी खूण आहे. 1802 च्या पुण्याच्या लढाईनंतर ते होळकरांच्या राजकारणात ओढले गेले, 1803 मध्ये इंग्रजांशी करार करून त्यांनी तनखा स्वीकारला आणि 1824 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते उत्तर हिंदुस्थानात राहिले. त्यांच्या काळी दक्षिणेतून काशीकडे निघणाऱ्या बैलगाडीबरोबर वंगणाचे नळकांडे असणे हे शिदोरीइतकेच आवश्यक होते.

वंगण म्हणजे गाडीचा आस आणि चाकाचा तुंबा यांच्यातील घर्षण कमी करणारा काळा, दाट लेप होय. महाराष्ट्रात गवत किंवा चिंध्या जाळून केलेली काजळी एरंडेलात घोटून तो घरीच तयार होई, आणि चाक उतरवून धूळ-मातीने खराब झालेले जुने वंगण पुसून काढल्यावरच नवे घातले जाई. घरच्या माणसानेच करावयाचे हे काम पुढे मोटारीपर्यंत आले, आणि एरंडेलही काही काळ तिच्यासोबत चालले: वेकफिल्ड यांच्या कंपनीने 1909 मध्ये आणलेल्या कॅस्ट्रॉल तेलात खनिज तेलाबरोबर तेच मिसळलेले होते.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून निघालेल्या फियाटसारख्या साध्या रचनेच्या गाड्यांमुळे हे काम अनेक घरांच्या अंगणात आले. इंजिन थोडे गरम करून तेल पातळ होऊ द्यावयाचे, चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्राचा, नट काढून ते पसरट भांड्यात उतरवावयाचे, फिल्टर बदलावयाचा, नवे ऑइल ओतून पट्टीवर त्याची पातळी पाहावयाची, असा हा क्रम असतो. तेल बदलावे लागते, कारण त्यात काजळी आणि धातूचे सूक्ष्म कण साठतात आणि गंज व झीज रोखण्यासाठी मिसळलेली द्रव्ये खर्ची पडतात.

तथापि, पुसून टाकलेले चिमूटभर एरंडेली वंगण मातीत जिरून जाई, तर चेंबरमधून उतरणारे तीन-चार लिटर जळके ऑइल तसे जिरत नाही. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासले जाते, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावले जाते, आणि उरलेले पुष्कळदा गटारात जाते. पाण्यावर पसरलेला त्याचा पातळ तवंग हवेतील प्राणवायूला पाण्यात मिसळू देत नाही. 1989 च्या धोकादायक कचऱ्याविषयीच्या नियमांनंतरही गृहस्थाच्या दारातून हे तेल गोळा करण्याची व्यवस्था दुर्मीळच राहिली, आणि या इतिहासातील खरी उणीव तीच आहे. 1 एप्रिल 2024 पासून मात्र वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकण्यात आली आहे.

अमृतरावांच्या पायऱ्यांपर्यंत मोटार पोहोचत नाही. तेथे जळक्या ऑइलचा प्रश्न होड्यांमुळे पोहोचला, कारण वल्ह्यांच्या जोडीला शेतपंपाच्या जातीची एक सिलिंडरची डिझेल इंजिने आली. अलीकडे वाराणसीतील अनेक नावा सीएनजीवर नेण्यात आल्या आणि त्यांच्यासाठी नमो घाटावर तरंगते गॅसकेंद्रही उभे राहिले. त्यामुळे धूर आणि सांडणारे डिझेल कमी होते. परंतु गॅसवर चालणाऱ्या इंजिनालाही ऑइल लागतेच, आणि तेही ठरावीक तासांनंतर काढून बदलावेच लागते.