ज्या नाचासाठी तुरुंग होता

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाला लागून कॉर्मरंट नावाचं छोटंसं बेट आहे. तिथल्या अलर्ट बे या गावी उन्हाळ्यात काही छोटी क्रूझ जहाजं थांबतात. प्रवासी उतरतात आणि क्वाक्वाकवाक्व लोकांच्या ‘बिग हाउस’मध्ये नाच बघायला जातात. मातीची जमीन, मधोमध पेटलेला जाळ, एका लांब ओंडक्यावर काठ्यांनी ठेका धरणारे गायक. नर्तकाच्या शिरोभूषणात गरुडाची मऊ पिसं भरलेली असतात. त्याने मान हलवली की ती हवेत तरंगतात. पिसं म्हणजे शांततेची खूण. मोबाइल वर होतात, टाळ्या पडतात.

असे नाच पॉटलॅचमध्ये केले, तर एके काळी इथे शिक्षा होत असे.

पॉटलॅच म्हणजे लग्न, बारसं, वारसा, मृत्यू अशा प्रसंगी भरणारा मोठा सोहळा. यजमान आपल्या घराण्याचे नाच दाखवतो आणि आलेल्या सगळ्यांना भेटी वाटतो. जो जास्त वाटतो तो मोठा. साठवणाऱ्याला मोठा मानणाऱ्या सरकारला आणि मिशनऱ्यांना हे उफराटं वाटलं. 1884मध्ये कायदा झाला, 1885पासून बंदी. गंमत बघा, 1893मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात याच लोकांना बोलावून त्यांचे नाच प्रेक्षकांना दाखवले गेले. तमाशा म्हणून चालत होतं, कायदा म्हणून नाही.

हो, कायदाच. या समाजात लेखी दस्तऐवज नव्हते. कुठलं नाव, कुठला मुखवटा, कुठला नाच कुणाचा, हे पॉटलॅचला आलेल्या लोकांच्या आठवणीत नोंदलं जाई. भेट ही त्या साक्षीची पोच होती. आपल्याकडे सातबारा असतो, तसा त्यांच्याकडे नाच.

1921मध्ये डॅन क्रॅनमर यांनी जवळच्या व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला. सरकारी एजंट विल्यम हॅलिडे याला बातमी लागली. 45 जणांवर खटले भरले गेले. आरोप काय, तर नाचले, भाषण केलं, भेटवस्तू वाटल्या. अट घातली गेली: गावाने मुखवटे आणि सोहळ्याचं सगळं सामान जमा केलं, तर शिक्षा स्थगित. काहींनी दिलं. 20 स्त्री-पुरुष ओकाला तुरुंगात गेले.

जमा झालेले मुखवटे हॅलिडेने अलर्ट बेच्याच चर्चच्या हॉलमध्ये मांडले आणि बघायला प्रवेशमूल्य ठेवलं. त्यातल्या 35 वस्तू न्यूयॉर्कच्या जॉर्ज हाय या संग्राहकाने विकत घेतल्या. बाकीच्या बऱ्याचशा संग्रहालयांत गेल्या.

1951च्या नव्या कायद्यात बंदीचं कलम आलंच नाही. माफी नाही, घोषणा नाही, नुसतं वगळलं.

आज क्रूझचा प्रवासी नाच बघण्याचे पैसे देतो, म्हणून तो साक्षीदार ठरत नाही. साक्षीदाराला यजमान देतो, त्याच्याकडून घेत नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. गावकऱ्यांचे पॉटलॅच वेगळे होतात, त्यांचं तिकीट नसतं.

मुखवटे परत मिळवायला अनेक दशकं भांडावं लागलं. त्यांच्यासाठी 1980मध्ये अलर्ट बेला उमिस्ता केंद्र उघडलं. शत्रूने पकडून नेलेली माणसं घरी परतली की त्याला उमिस्ता म्हणत. पॉटलॅचचे मुखवटे तिथे काचेच्या कपाटात ठेवलेले नाहीत. ते पुरेसा काळ कोंडलेले होते.