काथ्याचा भुसा आणि गांजाची शेतं

विषय वाचून घरातल्या ज्येष्ठांनी भुवया उंचावण्याआधी पुढचं वाचावं, ही विनंती.

दौंड तालुक्यात यवत, केडगाव, पाटस या पट्ट्यात फिरलं की उसाच्या रोपवाटिका दिसतात. पूर्वी उसाचं बेणं सरळ सरीत दाबायचे. आता एक-एक डोळा कापून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये लावतात आणि ट्रेमध्ये माती नसतेच, असतं ते कोकोपीट. म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरतो तो भुसा. पाच किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून साठ-सत्तर लिटर होते. शिरूरकडे पॉलिहाऊसवाले फुलांसाठी हेच वापरतात. माझा एक भाचा या धंद्यात आहे. तो परवा म्हणाला, "मामा, कोकोपीटची माहिती नेटवर शोधायला गेलो की निम्मी पानं गांजावाल्यांचीच निघतात. हे काय प्रकरण आहे?"

प्रकरण जुनं आहे. नारळ आणि भांग, दोन्ही झाडं एका पुस्तकात भेटतात ती १५६३ साली, आणि तीही आपल्या शेजारी गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. हिंदुस्थानातल्या औषधी वस्तूंवर त्याने संवादरूपात पुस्तक लिहिलं आणि ते गोव्यातच छापलं. त्यात एक प्रकरण भांगेवर, एक नारळावर. काथ्याचे दोर जहाजांना कसे लागतात तेही त्याने लिहिलंय. गंमत म्हणजे युरोपात दोर वळायचे ते भांगेच्याच जातभाईच्या वाकापासून. आपल्याकडे मात्र दोराला ताग, अंबाडी, घायपात आणि किनाऱ्यावर काथ्या. भांगेच्या झाडाकडून आपण दोर कधी मागितला नाही, नशाच मागितली.

काथ्याच्या भुशाला बागेत पहिला मान मिळाला तो लंडनमध्ये. १८६० च्या दशकात तिथे चटया आणि ब्रश करणाऱ्या कारखान्यांतून उरलेला भुसा माळी लोक कुंड्यांसाठी नेऊ लागले. पुढे पीटचा, म्हणजे दलदलीतून खणून काढलेल्या कुजक्या शेवाळ-मातीचा, जमाना आला आणि भुसा मागे पडला. दलदली संपत चालल्याची ओरड झाली तेव्हा, १९८० नंतर, हॉलंडच्या काचघरांतून तो पुन्हा वर आला. गुलाब, टोमॅटो, आणि त्यांच्या मागोमाग गांजा. भाच्याला दिसतात ती पानं या शेवटच्या टप्प्यातली.

पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीत. ज्या काळात लंडनचा माळी भुसा चाळत होता, त्याच काळात आपल्याकडे गांजा हे चक्क सरकारी नोंदीतलं पीक होतं. परवाना घ्यायचा, पेरायचं, माल ठरलेल्या जागी द्यायचा, त्यावर कर. मुंबई इलाख्यात हे पीक ज्या मोजक्या जिल्ह्यांत निघे त्यात अहमदनगर ठळक, म्हणजे आजचा अहिल्यानगर. शिरूरला घोडनदी ओलांडली की तोच जिल्हा. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी बाजारात गांजाचं परवान्याचं दुकान होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गिऱ्हाईक म्हणजे गोसावी, बैरागी आणि दिवसभर ओझी वाहून अंग मोडलेले हमाल. चांगल्या घरातला माणूस तिकडे फिरकायचा नाही, असंही ते लगेच जोडायचे! (आजी हे ऐकून हसायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही.)

या पिकाची सगळ्यात बारीक नोंद बंगालची आहे. राजशाही जिल्ह्यातलं नौगाव, आता बांगलादेशात. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाचा त्यावरचा अहवाल १८९३ चा. तिथले शेतकरी उंचवट्याची, पाणी न साचणारी जमीन निवडत, चरांच्या कडेची ताजी माती आणून शेतात पसरत, वर शेणखत आणि पेंड. नर झाडं ओळखून उपटायला पोद्दार नावाचा जाणकार फिरे, कारण नर राहिला तर मादीत बी भरतं आणि मालाची किंमत जाते. म्हणजे माती मोकळी करायची विद्या शेतकऱ्याकडे होतीच. काथ्याचा भुसा मात्र तिथे कुणाला ठाऊक नव्हता. तो केरळच्या खाजणांत ढिगाने पडून होता.

त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाला आणि सरकारने गांजा-भांगेवर कमिशन नेमलं. हजाराहून जास्त साक्षी झाल्या, १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल आला. निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, बंदी नको, कर आणि परवाना पुरे. आता सरकारला महसूलही हवा होता, तेव्हा हा निष्कर्ष अगदी निरिच्छ होता असं मी म्हणणार नाही. पण इतकी माणसं बोलावून ऐकणं, हे नंतर पुन्हा झालेलं मला दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नावात दारू, पोटात गांजा-भांगही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने नशेसाठीचा गांजा २५ वर्षांत बंद करण्याची मुदत घातली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपला केंद्राचा अमली पदार्थ कायदा लागू झाला. झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. भांगेची नुसती पानं त्या व्याख्येतून सुटली, शेंडे अडकले. एकाच झाडाचे असे दोन भाग कायद्याने पाडलेत.

मग ते झाड गेलं कुठे? उसात. दरवर्षी कुठून तरी बातमी येते, उसाच्या आड गांजाची झाडं सापडली म्हणून. बारा-तेरा फूट ऊस वाढला की आत काय आहे ते बांधावरून दिसत नाही. आणि पकडला जातो तो बहुधा कसणारा. आमच्या ओळखीतला एक वाटेकरी असाच आत गेला. झाडं किती, तर दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकी. त्याच्या बायकोने कोर्टाच्या तारखांसाठी शेळ्या विकल्या. त्याने केलं ते बरोबर होतं असं मला म्हणायचं नाही, पिऊन बरबाद झालेली पोरंही मी पाहिली आहेत. पण जर्मनीत एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी तीन झाडं ठेवता येतात, आणि तो ती ज्या भुशात लावत असेल तो आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला असू शकतो. हे वाचलं की मला त्या शेळ्या आठवतात.

भाच्याला मी एवढंच कळवलंय की नेटवरची पानं वाचायला हरकत नाही, कारण भुसा धुण्याबद्दल ते लोक जे लिहितात ते उसालाही लागू आहे. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचा भुसा मीठ घेऊन येतो. दोन-तीनदा धुवावा, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावा, मगच ट्रे भरावेत. कालव्याच्या पाण्याने आधीच चोपण झालेल्या आपल्या जमिनींत आणखी मीठ कशाला?