रंगमंचावरून रुपेरी पडद्याकडे : डॉ. जब्बार पटेल

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरील गृहस्थांवर लेख कशासाठी, असे काही बांधव आम्हांस विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. डॉ. जब्बार पटेल आमच्या जिल्ह्याचे आहेत. त्यांचा अभिमान बाळगण्यास सोलापूरकरांना ज्ञातीचा दाखला लागत नाही.

त्यांचा जन्म १९४२ साली पंढरपुरी झाला आणि शालेय शिक्षण सोलापुरात. प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी गवयांचा व साहित्यिकांचा राबता असे. त्या घराचा सहवास त्यांना लाभला. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन त्यांनी दौंड येथे मुलांचा दवाखाना थाटला. दिवसा रोगी आणि रात्री तालीम, असा हा संसार होय.

१९७२ च्या डिसेंबरात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' त्यांनी रंगभूमीवर आणले. बारा ब्राह्मणांची नाचती-गाती रांग हीच कधी भिंत होते, कधी पडदा, कधी पुणे शहर. असला प्रयोग मराठी प्रेक्षकाने पूर्वी पाहिला नव्हता. परंतु नाना फडणीसांचे चित्रण पाहून एका समाजाची मने दुखावली. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. तेव्हा या तरुणांनी संस्था सोडली आणि १९७३ साली 'थिएटर ॲकॅडमी' काढून तेच नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपात जाऊ नये म्हणूनही वादळ उठले, ते गेलेच. पूर्वजांविषयीचा अभिमान आम्हांसही आहे, आणि ज्यांची मने दुखावली त्यांचे दुःख आम्ही खोटे म्हणत नाही. तथापि नाटकाचे उत्तर नाटकाने द्यावे, बंदीने नव्हे, असे आमचे मत आहे.

दरम्यान 'सामना' या चित्रपटाने ते पडद्याकडे वळले. साखर कारखानदार हिंदुराव आणि एक वाट चुकलेला मास्तर यांची ही झुंज निळू फुले व डॉ. श्रीराम लागू यांनी अशी रंगविली, की सहकाराच्या या मुलुखात तिचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नाही. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. 'जैत रे जैत' (१९७७) मध्ये ठाकरांची कथा गाण्यांतूनच पुढे सरकते. घाशीरामातील ती रांगच जणू डोंगरावर चढली! 'सिंहासन' (१९७९) मध्ये मात्र रंगमंचाचा मागमूस नाही. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरील हा चित्रपट बातमीदाराच्या नजरेने मंत्रालय पाहतो. 'उंबरठा' (१९८२) मधील स्मिता पाटील यांची सुलभा महाजन आमच्या भगिनींनी अवश्य पाहावी.

पुढे पु. ल. देशपांडे यांच्या लेखणीतून उतरलेला 'एक होता विदूषक' (१९९२) आला. २००० साली प्रदर्शित झालेल्या डॉ. आंबेडकरांवरील इंग्रजी चित्रपटात केरळचे मम्मुटी नायक होते. त्यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी डॉक्टरांची निवड झाली. महामारीमुळे रखडलेले हे संमेलन अनेक शहरांत भरविण्यात आले. २०२४ च्या जानेवारीत ते सोलापुरातही झाले.