एव्होरा नगरीतील एक दिवस

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकासाठी इतिहासविषयक काही लिहावे अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा आपल्या भाविकांसमवेत केलेल्या फातिमा-यात्रेतील एक दिवस मनात आला. यात्रा आटोपल्यावर लिस्बन येथून वाटाड्यासह मोटारीने निघून एस्त्रेमोझ व एव्होरा ही दोन जुनी पोर्तुगीज नगरे पाहावयाची व सायंकाळी परतावयाचे, असा बेत होता. सकाळी तेजो नदीवरील प्रचंड पूल ओलांडीत असता आमच्यातील एका वयोवृद्ध माउलीने हळूच विचारले, "फादर, ज्या फिरंग्यांनी आपल्याला बाटवले असे लोक म्हणतात, त्यांचाच ना हा मुलूख?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर कोकणातील आपल्यापैकी बहुतेकांनी तो टोमणा कधी ना कधी ऐकलेला आहे. "संध्याकाळी सांगतो, आजी," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

नदीपलीकडे आलेंतेझो प्रांत लागतो. नावाचा अर्थच मुळी 'तेजोपलीकडचा' असा आहे. जिकडे पाहावे तिकडे बुचाच्या ओकवृक्षांची राने. साधारण नऊ वर्षांनी एकदा त्यांची साल सोलून काढतात, व ज्या वर्षी सोलली त्याचा शेवटचा आकडा बुंध्यावर रंगवून ठेवतात. वाटाड्याने सांगितलेल्या राजांच्या वंशावळीपेक्षा ही माहिती आम्हां शेतकरी मंडळींस अधिक रुचली, हे कबूल केले पाहिजे.

एस्त्रेमोझ हे संगमरवराचे गाव. तेथील टेकडीवरच्या गढीत 4 जुलै 1336 रोजी पोर्तुगालची राणी संत इसाबेल हिने देह ठेवला. पुत्र पोर्तुगालचा राजा आणि नातू कास्तीलचा राजा, अशा दोघांत युद्ध जुंपू पाहत होते. ते मिटविण्यासाठी ती वृद्ध विधवा उन्हातान्हाची निघाली व येथेच आजारी पडली. 1625 साली तिला संतपद मिळाले.

एव्होरा मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. तटबंदीच्या आतील हे सारे नगर 1986 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केले. मध्यभागी पहिल्या शतकातील रोमन देवालयाचे चौदा स्तंभ उभे आहेत. लोक त्यास दियानादेवीचे मंदिर म्हणतात, पण त्यास आधार नाही. मध्ययुगात त्याच्या भिंती बुजविल्या गेल्या आणि 1836 पर्यंत तेथे खाटीकखाना होता! त्यामुळेच स्तंभ वाचले, असे म्हणतात.

देवालयापासून थोड्याच पावलांवर महामंदिर आहे. त्याचे काम 1186 साली आरंभिले. गोव्याचे पहिले आर्चबिशप दों गास्पार द लेआंव हे पूर्वी याच मंदिराचे कॅनन होते. आणि जवळच ती दुसरी इमारत, जिच्यासमोरून वाटाड्या भरभर पुढे गेला: इन्क्विझिशनचे न्यायासन. पोर्तुगालातील हे न्यायासन 1536 साली याच नगरीत प्रथम स्थापन झाले. गावातील मोठ्या चौकात, जेथे आज लोक निवांत कॉफी पितात, तेथे शिक्षा जाहीर केल्या जात. बळी पडणाऱ्यांत यहुदी वंशाचे नवख्रिस्ती फार. 1560 साली तेच न्यायासन गोव्यात आले व, मधली काही वर्षे वगळता, 1812 पर्यंत टिकले. आपण ख्रिस्ती लोकांनी हे पान चिकटवून टाकू नये. मी मंडळीस तेथे थांबवून जे माहीत होते ते सांगितले.

महामंदिरातील ऑर्गनवाद्याजवळ मात्र माझे पाऊल निघेना. सप्टेंबर 1584 मध्ये जपानहून आलेले चार तरुण राजदूत येथे उतरले होते. 1582 साली नागासाकीहून निघून मकाव आणि आपल्या गोव्यावरून त्यांनी हा प्रवास केला. त्यांच्यापैकी मान्सियो इतो व मिगेल चिजिवा यांनी येथे ऑर्गन वाजविला. ज्यांना रानटी समजावे असे सांगितले जाई, त्या पूर्वेकडील मुलांची बोटे त्या पट्ट्यांवर फिरताना पाहून नगरजन थक्क झाले असतील! पुढे या चौघांपैकी जुलियान नाकाउरा याने 1633 साली नागासाकीस रक्तसाक्ष दिली. त्याच नगरात 5 फेब्रुवारी 1597 रोजी आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया क्रुसावर चढले होते. ते फ्रान्सिस्कन संघाचे साधे बंधू. जपानी भाषेवरील त्यांचे प्रभुत्व संघाला फार उपयोगी पडले. हे सांगताच आमची मंडळी त्या परक्या मंदिरात एकदम घरच्यासारखी वावरू लागली.

फ्रान्सिस्कनांच्या मंदिरालगत हजारो हाडांनी व कवट्यांनी भिंती मढविलेले कपेल आहे. तरुणांनी तेथे छायाचित्रे काढली. मला ते तितकेसे आवडले नाही.

शेवटी विद्यापीठ. 1559 साली कार्डिनल हेन्रिक यांनी ते स्थापून येशूसंघीयांच्या स्वाधीन केले. वर्गांच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांतून तेथे शिकविल्या जाणाऱ्या विषयांची चित्रे आहेत. बरोबर दोनशे वर्षांनी, फेब्रुवारी 1759 मध्ये, मार्क्विस पोंबाल याच्या शिपायांनी हे विद्यालय वेढले, आणि त्याच वर्षी येशूसंघीयांस राज्यातून घालवून देण्यात आले. गोव्यातील येशूसंघीयांसही कैद झाली. म्हणजे ज्या राज्याने धर्मप्रचारक पाठविले, त्याच राज्याने त्यांना बंदिखान्यात टाकले. विद्यापीठ पुन्हा उघडले ते 1973 साली.

परतीच्या वाटेवर मी आजींच्या शेजारी जाऊन बसलो व म्हणालो, "आजी, लोकांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. राज्यसत्तेचे दडपण होते, लोभ होता, जुलूमही झाला. पण 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. फिरंगी गेले, पाठीवरचा दंडा गेला, पुष्कळ मंदिरे ओस पडली. जुन्या धर्मात परतण्यास आपल्या पूर्वजांना तेव्हा कोण अडवीत होते? तरी त्यांनी घरातला क्रूस उतरविला नाही."

आजी काही वेळ बाहेरच्या ओकवृक्षांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मग मिस्सा कोण करीत होते, फादर?"

"देशी धर्मगुरू," मी म्हणालो. "आपल्यासारखेच काळे."

त्या हसल्या व पिशवीतून रोझरी काढून त्यांनी मराठीत प्रार्थना सुरू केली. मोटारीतल्या सर्वांनी त्यांना साथ दिली.