पहिलीची चाळणी

पहिलीच्या वर्षाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते सगळे मुलाविषयी बोलले जाते. मूल रडेल काय, एका जागी बसेल काय, अक्षर ओळखेल काय, बाईंना घाबरेल काय. शाळेविषयी कोणी बोलत नाही. शाळा आहे तशीच असणार आणि तिच्यापुढे मुलाने स्वतःला सिद्ध करायचे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. ज्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्या घराला हे गृहीत परवडते, कारण शाळा त्याच घराच्या नमुन्यावर उभारलेली आहे. बहिष्कृत समाजाला ते कधीच परवडलेले नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत पहिली इयत्ता ही शाळेचीच परीक्षा होती, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत शाळा त्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाली. म्हणून पालकांनी पहिलीच्या वर्षाकडून काय अपेक्षा ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

हा इतिहास समजून घेण्यास पुण्यातील स्वारगेटचा परिसर फार सोयीचा आहे. गावाकडून एस.टी.ने आलेली हातावर पोट असलेली कुटुंबे येथे उतरतात आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, बांधकामांवर, धुण्याभांड्यांच्या कामांवर पांगतात. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत अशाच कष्टकऱ्यांची. स्वारगेटच्या एका बाजूला जोतीराव-सावित्रीबाईंच्या घराची गंज पेठ, जिचे नाव आता महात्मा फुले पेठ आहे. दुसऱ्या बाजूला पर्वती, जेथील मंदिरप्रवेशासाठी १९२९ मध्ये शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्याग्रह केला. सारसबागेपाशी अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा आहे. पायी हिंडता येईल एवढ्या या टापूत आपल्या समाजाच्या शिक्षणाचे दार कोणी उघडले आणि कोणी अडवले, हे दोन्ही दिसते.

प्रथम दाराचीच गोष्ट. पंतोजींच्या शाळेत ब्राह्मण-प्रभूंची मुले धुळाक्षरे गिरवीत होती, तेव्हा महार-मांगांच्या मुलाला त्या ओसरीच्या आसपासही फिरकता येत नव्हते. जोतीरावांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या चारपाच वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी पुण्याच्या पेठांत शाळा उभ्या केल्या. त्याच शाळेतील मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मुक्ता तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती आणि तिची शाळा अवघ्या तीन वर्षांची. ज्यांना अक्षराचा अधिकार नाही म्हणून धर्मशास्त्र सांगत होते, त्यांच्यातील मुलीने पहिल्याच संधीत त्याच धर्मशास्त्राला जाब विचारला. आपली मुले शिकू शकतात काय, या प्रश्नाचा निकाल तेथेच लागला होता. उरला तो एवढाच प्रश्न, की शाळा त्यांना शिकवणार काय.

त्याचे उत्तर सरकारने पुढच्याच वर्षी दिले. जून १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपुढे गेले. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. परंतु एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल, या भयाने हस्तक्षेप करण्याचे टाळले. न्याय मान्य करायचा आणि दार बंद ठेवायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी याचा हिशेबच मांडला. पुण्यात पाच हजारांहून अधिक अस्पृश्य वस्तीसाठी एकच शाळा आणि तिच्यातील हजेरी तीस मुलांच्याही आत! त्यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. शिक्षक कष्टकरी जातींतून यावेत, अभ्यासात शेती आणि आरोग्याचे ज्ञान असावे, मागासांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, असेही सुचविले. यातील सक्तीची मागणी कोल्हापुरात राज्यकर्त्याच्या अधिकाराने अमलात आणली ती शाहू महाराजांनी, १९१७ मध्ये; आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसविण्याचा हुकूमही त्यांनीच काढला. पुण्यात मात्र १९२० च्या सुमारास सक्तीचे शिक्षण मुलींना द्यावे की नाही यावरच वाद पेटला होता आणि कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांना मुलींच्या बाजूने रस्त्यावर उतरावे लागले होते.

दार उघडले म्हणजे वर्ग उघडला असे होत नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. तो तुकडा शाळेच्या गड्याला शिवायचा नसे, म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळ सोडण्यासाठी शिपाई हवा. शिपाई नसला तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असे म्हटले, ही गोष्ट आपण महाडच्या संदर्भात सांगतो तेव्हा त्यातील शाळेचा उल्लेख विसरतो. पाणी आणि पाटी ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत. १९७० च्या दशकात पुण्याच्याच बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ करावी लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात शिक्षकाच्या मारहाणीनंतर नऊ वर्षांचा दलित विद्यार्थी मरण पावला. शाळेतील माठाला हात लावल्यावरून त्याला मारले, असा कुटुंबाचा आरोप होता. तेव्हा पहिलीतले पोर घरी आले की आज काय शिकलास हे विचारण्याआधी, कोठे बसलास, पाणी कोठे प्यालास, जेवायला कोणाशेजारी बसलास, हे आईबापांनी विचारलेच पाहिजे.

जेवणाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक झाले. २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. म्हणजे शाळेतील रोजची पंगत ही जातिअंताची रोजची तालीम होऊ शकते. ती तशी होते की नाही, हे वस्तीने जाऊन पाहावे.

जागा मिळाली, पाणी मिळाले, तरी चाळणी संपत नाही. १९२९ च्या हार्टोग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातील आकडे दिले आहेत. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलग्यांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोहोचलेले होते अवघे १८. बाकीचे ८२ खालच्या वर्गांतच नापास होत राहिले किंवा शाळा सोडून गेले. या नासाडीला सरकारी भाषेत ‘गळती’ म्हणतात. गळती हा शब्द फसवा आहे. पाणी आपोआप गळते. मुले गाळली जातात. वाटेगावच्या अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची झाली, याचे आपल्याकडे कौतुकाने भाषण केले जाते. शाळेवाचून ‘फकिरा’ लिहिली, म्हणून ते थोरच. परंतु त्या दीड दिवसाचे श्रेय शाळेला देता येत नाही. त्याच चाळणीतून जी हजारो पोरे खाली पडली आणि ज्यांच्या हाती पुन्हा अक्षर आले नाही, त्यांचा पुतळा कोठेही नाही.

ही चाळणी चालते कशाने? पुष्कळदा भाषेने. जुन्या अंकलिपीत ग गणपतीचा, ऋ ऋषीचा आणि य यज्ञाचा होता. ज्या घरात यज्ञ कधी झाला नाही आणि ऋषी कधी आला नाही, त्या घरच्या पोराने ते चित्र कशाशी जोडावे? ‘पानी’ म्हटले की वर्ग हसतो, ‘म्या’ म्हटले की बाई दुरुस्त करतात. पोर दोन दिवसांत शिकते की आपल्या आईची बोली ही चूक आहे, आणि मग तोंडच उघडत नाही. त्याच्या गप्प बसण्याला ‘मंद’ असे नाव मिळते. १९६७ मध्ये पुण्यात ‘बालभारती’ स्थापन झाल्यावर पाठ्यपुस्तके बदलत गेली, हे खरे. वर्गातील हसू मात्र पुस्तकाने बदलत नाही. एप्रिल आणि जून २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासन निर्णय निघाले आणि मोठ्या विरोधानंतर २९ जूनला ते रद्द झाले. त्या वादात मराठीच्या अस्मितेविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु वडारी, कैकाडी, पारधी, गोरमाटी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला प्रमाण मराठी हीच पहिलीत शिकायची दुसरी भाषा असते, हे फारसे कोणी बोलले नाही. इंग्रजीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आली, त्यावर अभिजनांनी नाके मुरडली. ज्यांची मुले आधीच इंग्रजी शाळांत होती त्यांना मराठीचा कळवळा येणे स्वस्त होते. आपल्या पालकांनी घरच्या बोलीचा मान मागावा आणि इंग्रजीही मागावी. यात विरोध नाही.

आणखी एक गोष्ट पहिलीच्या पहिल्या दिवशीच घडते आणि जन्मभर पुरते, ती म्हणजे जनरल रजिस्टरातील नोंद. गुरुजींनी सोयीसाठी ‘१ जून’ लिहिलेल्या जन्मतारखा आपल्या मागच्या पिढ्या अजून वागवीत आहेत. जातीचा रकाना त्याहून महत्त्वाचा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले आणि केंद्राच्या सवलतींना ते मुकले. तो अन्याय १९९० च्या दुरुस्तीने दूर होईपर्यंत एक पिढी निघून गेली. आजही जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी शाळेचीच नोंद काढली जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लागले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या मुलाच्या नावाची नोंद होताना आईबापांनी समोर उभे राहून ती वाचून घ्यावी, वाचता येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या मुलाला सोबत न्यावे.

आता हक्क काय आहे तो पाहू. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांची मागणी मान्य होण्यास १२० वर्षे लागली. या कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची परीक्षा-मुलाखत घेता येत नाही. मारणे आणि मानसिक छळ करणे याला बंदी आहे. तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. पुण्यासारख्या शहरात याचा अर्थ बहुतेक दारे बंद होणे असाच होता. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. धारवाडचे दार दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा लोटले जात होते. या वेळी ते पालकांनी आणि संघटनांनी न्यायालयात जाऊन उघडे ठेवले.

वर्षअखेरीस मुलाला काय आले पाहिजे, हेही आता सरकारनेच सांगितले आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार पहिलीच्या शेवटी मुलाला, पूर्वी न पाहिलेल्या मजकुरातील चारपाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचता यावे, ९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत, सोपी बेरीज-वजाबाकी यावी. हे उद्दिष्ट फार मोठे नाही. कोणत्याही धडधाकट शाळेत कोणत्याही घरचे मूल एवढे शिकते. ते शिकले नाही, तर दोष कोठे शोधायचा हे मुक्ता साळवेच्या तीन वर्षांनी आपल्याला सांगून ठेवले आहे.

या साऱ्यात कार्यकर्त्यांचे काम काय? जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातो, तसे जूनच्या आरंभी पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी करण्यासाठी जावे. शाळा उघडेल त्या दिवशी आईबापांबरोबर रजिस्टरापर्यंत जावे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. तेथे आपल्या मायबहिणी केवळ सहीपुरत्या नसाव्यात. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाला एक वाक्य वाचायला द्यावे, आणि जी मुले वाचू शकत नाहीत त्यांची यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे जावे. शिक्षक असलेल्या आपल्या वाचकांनी आपल्या वर्गातील मागच्या बाकावर कोण बसते हे एकदा मोजावे. मोजल्यावर जे दिसेल त्याची चर्चा समितीच्या पुढच्याच बैठकीत झाली पाहिजे.